खोकल्याचं बटण

काच दोन पदरी. पलीकडे भिवसन बैसाणे,
अलीकडे मी आणि केळीचे भाव.
त्याचे ओठ हलताना दिसायचे, आवाज नाही.
आवाज यायचा तो त्यानं बटण दाबल्यावर,
थेट कानात, इतक्या जवळून
की नवऱ्याचाही कधी तितक्या जवळून आला नाही.

टॉकबॅक म्हणतात त्याला.
म्हणजे उलट उत्तर नव्हे. आमच्या सासूबाई मात्र
तोच अर्थ धरून बसल्या, शेवटपर्यंत.

पहिल्याच आठवड्यात त्यानं शिकवलं :
दाबून धरलं तेवढाच वेळ बोलतं, ते साधं बटण.
वर ढकलली की वरच राहते, ती खटकी.
'तिला जपा ताई, ती लॅच.
आपण विसरतो, ती विसरत नाही.'

हेडफोनात आपला आवाज आपल्यालाच थोडा ऐकू द्यायचा,
कळण्याच्या भाकरीत मीठ असतं तेवढा.
नाहीतर माणूस ओरडायला लागतो.
त्याचं नाव साइडटोन.

आणि भुसावळहून फोनवर बोलणाऱ्या पाहुण्याला
अख्खा कार्यक्रम परत पाठवायचा,
फक्त त्याचा स्वतःचा आवाज वगळून.
मिक्स-मायनस. सगळं, वजा तू.
मी म्हटलं, हे तर माझं सासर.
तो हसला, काचेपलीकडे, बिनआवाजी.

पौषातला मंगळवार. लाल दिवा लागलेला.
रावेर, सावदा, यावल वाचून झालं होतं.
नवती, नऊशे ऐंशी, असं म्हणतेय तोच
कानात खट्ट झालं.
वाटलं, वेळ सांगेल.

'हां. हां, बोल.
कव्हय?'

पिलबाग, नऊशे दहा.

'दोन्ही?'

मग बराच वेळ काही नाही,
नुसता त्याचा श्वास आणि माझा मीठभर आवाज.
मग, 'बरं.'

पलीकडचं माणूस काय म्हणालं
ते माझ्यापर्यंत आलं नाही.
सगळं, वजा पारोळा.

मान वर केली. त्याची पाठ माझ्याकडे,
फोनची वायर कोपराला गुंडाळलेली,
खटकी वर.
माझा माइक उघडा. मी एक शब्द बोलले असते
तर तो चोपड्याच्या चहाच्या टपरीवर गेला असता,
एरंडोलला कुणाच्या तरी जेवणात पडला असता.

माझ्या टेबलावर एक राखाडी बटण होतं, अंगठ्याएवढं.
दाबून धरलं की तेवढ्यापुरता माइक बंद.
खोकल्यासाठी. सात वर्षांत मी त्याला
हात लावला नव्हता, त्याचा मला तोरा होता.

ते दाबलं. दुसऱ्या हातानं टॉकबॅक.
'भाऊ, तुम्ही जा. मी शे आठे.'

मी फैजपूरची. त्याच्याशी अहिराणीत
त्याआधी कधी बोलले नव्हते.

पाठ वळली नाही.
हात तेवढा मागं आला, चाचपडला,
खटकी खाली गेली.

कांदेबाग, आठशे साठ.

तो गेला नाही.
दिल्ली जोडून दिली, पातळी पाहिली,
लॉगबुकात नोंद केली, मगच सायकल काढली.
मी नंतर वाचलं, त्याच्या त्या पाटीवरच्यासारख्या अक्षरात :
'७.०८. चार सेकंद शांतता.
कारण, निवेदिकेस खोकला.'

अकरा दिवसांनी आला. मी विचारलं नाही.
काय दोन्ही, कोण दोन्ही,
गेली की वाचली, अजून मला माहीत नाही.
कानात म्हणाला, 'ताई, लेव्हल द्या.'
मी मोजू लागले. एक. दोन.
तीन यायला फार वेळ लागला.
त्यानं बटणाला हात लावला नाही,
थांबला.

परवा धुळ्याच्या एका कॉलेजात नवा स्टुडिओ पाहिला.
सगळं पडद्यावर, अंगठ्याला काही लागतच नाही.
एक मुलगी म्हणाली, मॅडम, हे खरंच
खोकल्यासाठीच असतं?

हो, म्हटलं.
बहुतेक वेळा.